बँकॉकजवळचे मुआंग बोरान कसे पाहावे

बँकॉकला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी राजवाडा, पाचूचा बुद्ध आणि एखादा तरंगता बाजार पाहून पट्टायाची वाट धरतात. त्या वाटेपासून फार दूर नसलेल्या समुत प्राकान प्रांतात, सुखुम्वित रस्त्याच्या कडेला, थायलंडच्या साऱ्या वास्तुपरंपरेला एका आवारात आणणारे एक खुले संग्रहालय आहे. त्याचे नाव मुआंग बोरान. ‘मुआंग’ म्हणजे नगर आणि ‘बोरान’ म्हणजे पालीतील ‘पोराण’, म्हणजेच आपले ‘पुराण’. जुने, प्राचीन या अर्थाने. समुत प्राकान हे प्रांताचे नावही ‘समुद्र’ आणि ‘प्राकार’ या दोन शब्दांचे आहे. संस्कृत-पाली शब्दांचा कान असलेल्या मराठी माणसाला हे ठिकाण इतर परदेशी पाहुण्यांपेक्षा अधिक बोलके वाटते, आणि म्हणूनच ते घाईत दोन तासांत उरकण्याऐवजी पूर्ण दिवस देऊन, थोडी तयारी करून पाहावे, असे मला मनापासून वाटते. ती तयारी कशी करावी, तेथे पोहोचल्यावर काय आणि कोणत्या क्रमाने पाहावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

हे ठिकाण कोणी आणि कशासाठी उभारले

लेक विरियाफान (१९१४–२०००) या उद्योजकाने १९६०च्या दशकात मुआंग बोरानचे काम सुरू केले. आधी त्यांच्या मनात थायलंडमधील प्रसिद्ध वास्तूंच्या छोट्या प्रतिकृतींचे एक मनोरंजनाचे उद्यान होते. परंतु त्यासाठी देशभर पाहणी करताना जुनी मंदिरे, लाकडी विहार आणि वाडे किती वेगाने ढासळत आहेत हे त्यांनी पाहिले आणि योजनेचे स्वरूपच बदलले. राष्ट्रीय संग्रहालयातील तज्ज्ञांची मदत घेऊन अनेक वास्तू अभ्यासपूर्वक उभारल्या गेल्या. फेब्रुवारी १९७२ मध्ये इंग्लंडची राणी एलिझाबेथ दुसरी थायलंडच्या दौऱ्यावर असताना राजा भूमिबोल यांच्यासह येथे आली, आणि तेव्हापासून हे संग्रहालय लोकांना खुले आहे.

आवार दोनशे एकरांहून मोठे असून त्यात शंभराहून अधिक वास्तू आहेत. त्याची आखणी हा त्याचा सर्वांत सुंदर गुण म्हणावा लागेल. जमिनीचा आकार साधारण थायलंडच्या नकाशासारखा राखला आहे आणि प्रत्येक वास्तू देशात जेथे आहे, साधारण त्याच दिशेला येथे बांधली आहे. दक्षिणेकडील निमुळत्या पट्टीतून आत शिरून वर सरकत गेले की आधी मलय द्वीपकल्पाकडचे स्तूप, मग मध्य मैदानातील राजधान्या, पूर्वेला ख्मेर, म्हणजे प्राचीन कंबोडियाच्या, शैलीची दगडी मंदिरे आणि वर उत्तरेला लान्ना प्रदेशातील सागवानी विहार लागतात. हा नकाशा डोक्यात ठेवला तर आवारात दिशा चुकत नाही आणि इतिहासही गोंधळत नाही.

कधी जावे, कशाची तयारी करावी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा आहे. मार्च ते मे या महिन्यांत दमट उकाडा असह्य होतो, कारण वास्तू आणि वास्तू यांच्यामधला बराचसा रस्ता उन्हातला आहे. जून ते ऑक्टोबर पावसाचे दिवस आहेत; बहुधा दुपारनंतर जोराची सर येते, तेव्हा त्या महिन्यांत सकाळी लवकर पोहोचणे शहाणपणाचे. एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रान असतो. हा शब्द म्हणजे आपली ‘संक्रांती’. सूर्याच्या मेष राशीतील प्रवेशाचा हा थाई नववर्षाचा सण आहे. त्या तीन-चार दिवसांत रस्त्यांवर पाण्याचा खेळ चालतो आणि वाहतूक मंदावते, म्हणून वास्तू शांतपणे पाहण्यासाठी ते दिवस टाळावेत. लोय क्राथोंग हा पाण्यात दिवे सोडण्याचा उत्सव बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास येतो. त्या सुमारास सहल असेल तर एक संध्याकाळ एखाद्या नदीकाठासाठी राखून ठेवावी.

शनिवार-रविवारी स्थानिक कुटुंबांची आणि शाळांच्या सहलींची गर्दी वाढते. मंगळवार ते गुरुवार यांतला एखादा दिवस निवडला तर मोठ्या प्रासादांत अक्षरशः एकट्याने उभे राहता येते.

मुंबईहून बँकॉकचे विमान साधारण साडेचार तासांचे आहे आणि थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते. व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, त्यामुळे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी थायलंडच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर ते पाहून घ्यावेत. १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला आगमनाचा डिजिटल अर्ज आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावा लागतो. सरकारी संकेतस्थळावर तो विनाशुल्क आहे. पैसे मागणाऱ्या मध्यस्थ संकेतस्थळांपासून सावध राहावे.

सुवर्णभूमी विमानतळही समुत प्राकान प्रांतातच आहे. म्हणून काही जण उतरल्याबरोबर किंवा परतीच्या दिवशी सामानासकट येथे येण्याचा बेत करतात. माझ्या मते तो चुकीचा आहे. सामानाची काळजी आणि विमानाची वेळ डोक्यात असेल तर हे ठिकाण पाहून होत नाही.

प्रवेशाचे तिकीट प्रौढ परदेशी पाहुण्याला गेली काही वर्षे ७०० थाई बात आणि मुलांना त्याच्या निम्मे असे आकारले जात आहे. ऑनलाइन आगाऊ काढल्यास ते अनेकदा स्वस्त पडते. संग्रहालय सकाळी ९ वाजता उघडते. बंद होण्याची वेळ जाण्याआधी तपासून घ्यावी, कारण दिवसाची सारी आखणी तिच्यावर ठरते. सोबत टोपी किंवा छत्री, पाण्याची बाटली, डासांसाठी मलम आणि सहज काढता-घालता येतील अशी पादत्राणे ठेवावीत. अनेक वास्तूंच्या पायऱ्यांशी जोडे काढावे लागतात आणि दिवसातून वीस वेळा नाड्या सोडत बसणे त्रासाचे होते. दुपारी तापलेल्या फरशीसाठी जाड मोजे उपयोगी पडतात.

पोहोचण्याची वाट

बँकॉकच्या उन्नत रेल्वेचा, म्हणजे बीटीएसचा, सुखुम्वित मार्ग डिसेंबर २०१८ मध्ये खेहा स्थानकापर्यंत वाढला, तेव्हापासून येथे येणे फार सोपे झाले आहे. शहराच्या मध्यावरील सयाम स्थानकातून खेहाच्या दिशेची गाडी पकडावी आणि शेवटच्या स्थानकापर्यंत बसून राहावे. पाऊण ते एक तास लागतो. काही गाड्या मधल्या स्थानकातूनच परत फिरतात, म्हणून डब्यावरचे किंवा फलाटावरचे गंतव्य स्थानक वाचून मगच चढावे. खेहापासून मुआंग बोरान तीन-चार किलोमीटर अंतरावर आहे. तेथून टॅक्सी किंवा मोबाइलवरून मागवलेली गाडी काही मिनिटांत पोहोचवते. ३६ क्रमांकाची सोंगथेव, म्हणजे मागे दोन बाके असलेली सामायिक गाडी, त्याहून स्वस्त पडते. चालकाला ‘मुआंग बोरान’ एवढे दोन शब्द सांगितले की पुरे. ‘एन्शंट सिटी’ हे इंग्रजी नाव सांगितल्यास उलट घोटाळा होऊ शकतो. नाव थाई लिपीत मोबाइलवर साठवून ठेवले तर आणखी चांगले.

चार-पाच जणांचे कुटुंब किंवा सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर हॉटेलपासून थेट टॅक्सी परवडते. मात्र सकाळच्या वाहतुकीत बँकॉक सोडण्यास लागणारा वेळ धरूनच निघावे. साडेनऊपर्यंत प्रवेशद्वाराशी असणे हे लक्ष्य ठेवावे.

दाराशी घ्यायचा पहिला निर्णय: फिरायचे कशाने

पायी सगळे पाहणे शक्य नाही. सायकल, विजेवर चालणारी छोटी गोल्फ गाडी आणि ठरावीक मार्गाने फिरणारी ट्राम असे पर्याय येथे मिळतात. सायकल हा सर्वांत उत्तम मार्ग आहे, कारण रस्ते सपाट आहेत, हव्या त्या वळणावर थांबता येते आणि तळ्यांच्या काठाने सावलीतून जाता येते. लहान मुले किंवा गुडघेदुखी असलेली माणसे बरोबर असतील तर गोल्फ गाडी घ्यावी. तिचे भाडे तासावर असते, म्हणून किती तास लागतील याचा अंदाज आधी करावा. चार तासांपेक्षा कमी वेळेत काम भागत नाही. ट्रामने फिरणे मी सुचवणार नाही. ती ठरलेल्या जागी ठरलेला वेळच थांबते आणि निवेदन बहुधा थाई भाषेत असते.

तिकिटाबरोबर मिळणारा छापील नकाशा जपून ठेवावा. त्यावर प्रत्येक वास्तूला क्रमांक आहे आणि वास्तूजवळच्या फलकावर थाई व इंग्रजी माहिती आहे. इंग्रजी ध्वनिमार्गदर्शक मिळत असल्यास तो जरूर घ्यावा.

प्रत्येक वास्तूला विचारायचा एक प्रश्न

आवारात शिरण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घेतली नाही तर दिवसभर पाहिलेले सारे एकमेकांत मिसळते. येथील सगळ्या वास्तू एका जातीच्या नाहीत. त्यांचे चार प्रकार पडतात आणि समोरची वास्तू त्यांपैकी कोणती, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारावा.

पहिला प्रकार प्रतिकृतींचा. मूळ वास्तू देशात कोठेतरी उभी आहे आणि येथे तिची बहुधा लहान केलेली आवृत्ती आहे. फिमाई आणि फनोम रुंग ही ख्मेर शैलीची मंदिरे किंवा नाखोन सी थम्मरातचा महास्तूप या गटात येतात. अशा वास्तूत प्रमाणे, मांडणी आणि एकंदर आकृती पाहावी. शिल्पातील बारकाव्यांसाठी मूळ ठिकाणीच जावे लागते.

दुसरा प्रकार पुनर्रचनेचा आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. मूळ वास्तू नष्ट झाली आहे, तिचा केवळ पाया किंवा खांबांचे बुंधे उरले आहेत, आणि उत्खनन, जुनी वर्णने व समकालीन वास्तूंशी तुलना यांच्या आधारे ती येथे पुन्हा उभी केली आहे. थायलंडची जुनी राजधानी अयुथया येथील सान्फेत प्रासात हा राजप्रासाद याचा नमुना. अशा इमारतीपुढे भारावून जाणे स्वाभाविक आहे. तरीही पायाची आखणी ही पुराव्याची गोष्ट असते आणि छपराची उंची, रंग, भिंतींवरची चित्रे यांत तर्काचा वाटा मोठा असतो, हे भान सोडू नये. पुनर्रचना हा अभ्यासकाने केलेला एक युक्तिवाद असतो, फक्त तो शब्दांऐवजी विटा-लाकडात मांडलेला असतो.

तिसरा प्रकार स्थलांतरित मूळ वास्तूंचा. पाडल्या जाणार असलेल्या किंवा मोडकळीस आलेल्या लाकडी इमारती विकत घेऊन, सुट्या करून, येथे आणून पुन्हा जोडल्या आहेत. लाम्पांग प्रांतातील छोंग खाम विहार हे त्यांतले ठळक उदाहरण. अनेक थरांची छपरे असलेल्या, ब्रह्मदेशातील शान लोकांच्या शैलीतील या सागवानी इमारतीच्या फळ्यांवर हात फिरवला की आपण खऱ्याखुऱ्या जुन्या लाकडाला स्पर्श करत आहोत हे कळते. येथे थांबण्यासाठी इतर ठिकाणांपेक्षा अधिक वेळ द्यावा.

चौथा प्रकार नवनिर्मितीचा. या वास्तूंना कोणतेही ऐतिहासिक मूळ नाही. बौद्ध विश्वरचना, पुराणकथा आणि साहित्य यांवरून संस्थापकाने त्या कल्पिल्या आहेत. पाण्यातून वर आलेला आणि विशाल मत्स्याने वेढलेला सुमेरू पर्वत, अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाचे मंडप ही त्यांची उदाहरणे. समाजमाध्यमांवर सर्वाधिक छायाचित्रे याच भागाची दिसतात आणि अनेक पाहुणे त्यांनाच प्राचीन समजून परततात. ती सुंदर आहेत, पण ती आधुनिक आहेत.

आपल्याला आधीच येणारी भाषा

थाई वास्तूचे शब्द उच्चारात बदलले असले तरी मुळात ओळखीचे आहेत. ‘चेदी’ म्हणजे चैत्य, ‘विहान’ म्हणजे विहार, ‘प्रासात’ म्हणजे प्रासाद, ‘मोंदोप’ म्हणजे मंडप, ‘साला’ म्हणजे शाला, ‘थात’ म्हणजे धातू (बुद्धाचे पवित्र अवशेष या अर्थाने), आणि ‘उबोसोत’ म्हणजे उपोसथ, अर्थात भिक्षूंच्या दीक्षेची व संघकर्माची इमारत. या उबोसोतभोवती आठ दिशांना पानाच्या आकाराचे दगड रोवलेले असतात. त्यांना ‘बाई सेमा’ म्हणतात आणि त्यातला ‘सेमा’ म्हणजे आपली ‘सीमा’. आवारात एखादी इमारत विहान आहे की उबोसोत हे ओळखायचे असेल तर आधी हे दगड शोधावेत.

अर्थ मात्र जसाच्या तसा धरू नये. कार्ले-भाजे पाहिलेल्या माणसाच्या मनात विहार म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या आणि चैत्यगृह म्हणजे आत स्तूप असलेले पूजेचे दालन असते. थायलंडमध्ये विहान हे बुद्धमूर्ती असलेले, उपासकांना खुले असलेले सभागृह आहे आणि भिक्षू राहतात ते ‘कुती’मध्ये, म्हणजे कुटीत. चेदी सहसा सभागृहाच्या पोटात नसते. ती बाहेर, त्याच अक्षावर मागे उभी असते. एकच शब्द दोन देशांत वेगवेगळ्या वाटांनी कसा गेला हे पाहण्यासाठी याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

शहरांची नावेही अशीच वाचावीत. अयुथया म्हणजे अयोध्या, सुखोथाई म्हणजे सुखोदय, नाखोन सी थम्मरात म्हणजे नगर श्री धर्मराज, रात्चाबुरी म्हणजे राजपुरी, कान्चनाबुरी म्हणजे कांचनपुरी. आवारातील फलक वाचताना हा खेळ मुलांबरोबर खेळावा. दुपारच्या थकव्यातही त्यांचे लक्ष टिकते.

सकाळ: दक्षिण आणि मध्य प्रदेश

दक्षिणेच्या भागात चैया येथील बोरोम्मथातची प्रतिकृती आहे. ‘बोरोम्मथात’ म्हणजे परमधातू. श्रीविजय या सुमात्रातील जुन्या सागरी राज्याच्या काळाशी जोडलेल्या या मंदिराची घडण जावामधील ‘चंडी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन मंदिरांशी नाते सांगते. चौरस पाया, त्यावर लहान होत गेलेले मजले आणि कोपऱ्यांवर छोटे स्तूप. त्याच्या शेजारी नाखोन सी थम्मरातचा घंटेच्या आकाराचा, लंकेच्या परंपरेतील स्तूप पाहिला की दोन सागरी परंपरांमधला फरक चटकन कळतो. येथे अर्धा तास पुरे.

मध्य प्रदेशात मात्र घाई करू नये. सान्फेत प्रासात हे या संग्रहालयाचे हृदय आहे. अयुथयाच्या राजवाड्यातील हे मुख्य सभागृह पंधराव्या शतकात राजा बोरोम्मत्रैलोकनाथ याच्या कारकिर्दीत बांधले गेले आणि राजसमारंभ व परदेशी वकिलांची भेट यांसाठी ते वापरले जाई. ‘सान्फेत’ हा शब्द सर्वज्ञ या अर्थाचा, बुद्धाचे एक विशेषण आहे. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथया जाळली तेव्हा हा प्रासाद नष्ट झाला. मूळ जागी आज फक्त विटांचा चौथरा आहे. १९७२च्या भेटीत राणी एलिझाबेथचे स्वागत याच पुनर्रचित प्रासादात झाले होते.

येथे पाहण्याची रीत अशी ठेवावी. प्रथम तळ्यापलीकडून संपूर्ण आकृती पाहावी आणि छपराचे थर मोजावेत. थाई परंपरेत थर जितके अधिक तितका इमारतीचा दर्जा उंच. छपराच्या टोकावरची चोचीसारखी वर वळलेली अणकुची ‘छोफा’ म्हणून ओळखली जाते आणि ती राजवास्तू व धर्मवास्तू यांच्यासाठीच राखलेली असते. त्यानंतर दर्शनी त्रिकोणी पाखेकडे पाहावे. तेथे गरुडावर बसलेला नारायण दिसला तर ती राजाश्रयाची खूण समजावी, कारण राजा हा विष्णूचा अंश मानला जाई. बौद्ध देशातील मंदिरावर गरुडारूढ विष्णू का, या प्रश्नाचे उत्तर यात आहे. मग पायाची रेषा पाहावी. अयुथयाच्या उत्तरकालीन इमारतींत ती सरळ नसून जहाजाच्या तळासारखी मध्यभागी किंचित खाली झुकलेली असते. शेवटी आत जाऊन भिंती आणि खांब वर जाताना किंचित आत कलले आहेत का ते पाहावे. या आत झुकण्यामुळेच एवढी अवजड छपरे हलकी भासतात.

त्यापाठोपाठ दुसित महाप्रासात पाहावा. बँकॉकच्या राजवाड्यात याच नावाची मूळ वास्तू आहे. १७८९ मध्ये वीज पडून जुना प्रासाद जळाल्यावर थायलंडच्या आजच्या चक्री राजवंशाचा संस्थापक राजा पहिला राम याने ती बांधली. येथे ती त्याच्या काळातील रूपात उभारली असून आत भित्तिचित्रे आहेत. ‘दुसित’ म्हणजे तुषित, बोधिसत्त्वाचा स्वर्ग. बँकॉकचा राजवाडा आदल्या दिवशी पाहिला असेल तर दोन्हींची तुलना फार रंगते.

सुखोथाई या अयुथयाहून जुन्या राजधानीतील वात महाथातचा (‘वात’ म्हणजे बौद्ध मंदिर) विहान हे पुनर्रचनेचे आणखी एक उदाहरण. मूळ ठिकाणी आज उघड्या आकाशाखाली खांबांच्या रांगा आहेत, आणि त्या सभागृहात कधीकाळी असलेली श्री शाक्यमुनी ही भव्य कांस्यमूर्ती पहिल्या रामाने बँकॉकला आणविली. ती आता वात सुथातमध्ये आहे. सुखोथाईच्या स्तूपाचे टोक कमळाच्या कळीसारखे असते. ते एकदा नीट पाहून ठेवले की इतर कोठेही ओळखता येते.

दुपारचे जेवण आणि विसावा

बारा ते दोन या वेळात उन्हात फिरू नये. आवारातील तरंगत्या बाजाराच्या लाकडी धक्क्यांवर खाण्याची सोय आहे. तांदळाच्या शेवया, भात, आंबट-तिखट कोशिंबिरी, नारळाच्या दुधातील गोड पदार्थ आणि फळे मिळतात. शाकाहारी मंडळींनी दोन शब्द पाठ करावेत. ‘जे’ म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध आणि कांदा-लसणासारख्या उग्र भाज्या वर्ज्य असलेले अन्न. ‘मांगसाविरात’ म्हणजे शाकाहार. हा शब्द ‘मांसविरती’ आहे आणि एकदा कळला की विसरत नाही. भाजीच्या पदार्थातही माशाचे खारे पाणी, ‘नाम प्ला’, सर्रास घालतात, तेव्हा ‘माई साई नाम प्ला’, म्हणजे ते घालू नका, असे स्पष्ट सांगावे. ज्यांचे पथ्य कडक आहे त्यांनी डबा किंवा कोरडा खाऊ सोबत ठेवावा.

जेवणानंतर याच भागातील लाकडी घरे पाहावीत. खांबांवर उचललेली, उताराच्या छपरांची आणि मधल्या मोकळ्या ओट्याभोवती मांडलेली मध्य थायलंडची घरे पुराच्या पाण्याला आणि उकाड्याला दिलेले उत्तर आहेत. कोकणातील चौथऱ्यावरच्या घराशी त्यांची तुलना मनात आपोआप येते. पाऊस दोन्हीकडे सारखाच धो धो, पण तेथे नदी अंगणात शिरते म्हणून घरच वर उचलले आहे.

दुपारनंतर: ईशान्येची दगडी मंदिरे आणि उत्तरेचे सागवान

ख्मेर शैलीच्या मंदिरांत प्रवेश करताना एक अक्ष धरून चालावे. नागांच्या कठड्याचा पूल, गोपुर, प्रांगण आणि मध्यभागी मक्याच्या कणसासारखे शिखर, असा क्रम असतो. हा नागपूल मर्त्यलोकातून देवलोकात नेणारा मानतात, त्यामुळे सायकल खाली लावून तो पायी ओलांडावा. फिमाईचे मंदिर महायान बौद्ध परंपरेचे आहे. शिलालेखात त्याचे नाव ‘विमाय’ असे येते. फनोम रुंग मात्र शिवाचे. त्याच्या मूळ मंदिरातील शेषशायी विष्णूची दगडी द्वारपट्टी १९६०च्या दशकात चोरीला गेली, पुढे ती शिकागोच्या कलासंग्रहालयात आढळली आणि थाई जनतेच्या आग्रहानंतर १९८८ मध्ये परत आली. आपल्याकडील मूर्तिचोरीच्या बातम्या वाचणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा.

दुपारी चारनंतर खाओ फ्रा विहानच्या टेकडीवर चढावे. मूळ मंदिर डांगरेक पर्वतरांगेच्या कड्यावर असून ते शिखरेश्वर शिवाला वाहिलेले होते. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते कंबोडियाचे असल्याचा निकाल दिला आणि सीमेवरील तणावामुळे थायलंडच्या बाजूने तेथे जाणे अनेक वर्षे बंदच राहिले आहे. मुआंग बोरानमध्ये त्यासाठी मुद्दाम कृत्रिम टेकडी रचली आहे. चढ दमवणारा आहे आणि कठडे सर्वत्र नाहीत, म्हणून मुलांचा हात धरावा. पण माथ्यावरून संपूर्ण आवार, म्हणजे छोटा थायलंड, एका नजरेत दिसतो. सकाळी नकाशावर पाहिलेल्या जागा येथून ओळखण्याचा प्रयत्न करावा. तिरप्या उन्हात छपरांच्या रंगीत कौलांवर आलेली झळाळी हे दिवसातले सर्वांत सुंदर दृश्य आहे.

उत्तरेच्या भागात छोंग खाम विहाराखेरीज लान्ना घरांच्या पाखांवरची एकमेकांना छेदणारी नक्षीदार लाकडे पाहावीत. त्यांना ‘कालॅ’ म्हणतात. बंद होण्याची वेळ जवळ आली असेल तर नवनिर्मितीच्या विभागात फक्त सुमेरू आणि रामायणाचे उद्यान एवढेच घ्यावे. थायलंडची रामकथा ‘रामाकियन’, म्हणजे रामकीर्ती, या नावाने ओळखली जाते; तिच्यात रावण ‘थोत्साकान’, म्हणजे दशकंठ, आहे आणि हनुमान ब्रह्मचारी नाही. घरातील वडीलधाऱ्यांना ही दुसरी गोष्ट आधी सांगून ठेवलेली बरी.

वागण्याविषयी थोडेसे

प्रतिकृती असल्या तरी अनेक ठिकाणच्या बुद्धमूर्तींपुढे थाई लोक श्रद्धेने नमस्कार करतात. गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे घालावेत, मूर्तीकडे पाय करून बसू नये, मूर्तीवर किंवा चौथऱ्यावर चढून छायाचित्र काढू नये. उंच उंबरठ्यावर पाय न देता तो ओलांडावा, जसा आपण देवळाचा ओलांडतो. भाड्याचे पारंपरिक पोशाख घालून छायाचित्रे काढणाऱ्यांची येथे बरीच वर्दळ असते. त्यात गैर काही नाही, मात्र त्यात तास-दीड तास सहज जातो हे ध्यानात घेऊनच तो बेत करावा.

पुढचा दिवस कोठे घालवावा

लेक विरियाफान यांचेच तीन सोंडांच्या ऐरावताचे एरावान संग्रहालय परतीच्या वाटेवर, त्याच बीटीएस मार्गावरील छांग एरावान स्थानकाजवळ आहे. एका दिवसात दोन्ही करण्याचा मोह होतो. परंतु मुआंग बोरान पूर्ण पाहिल्यावर डोळ्यांत जागा उरत नाही, म्हणून ते वेगळ्या सकाळी पाहावे.

त्याआधी अयुथयाला जावे, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बँकॉकपासून सुमारे ८० किलोमीटरवर, आगगाडीने दीड-दोन तासांत तेथे पोहोचता येते. वात फ्रा सी सान्फेतच्या तीन चेदींपासून उत्तरेकडे चालत गेले की जुन्या राजवाड्याचे मैदान लागते. बहुतेक पर्यटक तेथे जात नाहीत, कारण दाखवण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. मुआंग बोरानमध्ये सान्फेत प्रासाताच्या पायऱ्या चढून आलेल्या माणसाने मात्र तेथील विटांच्या चौथऱ्यापाशी जावे, आदल्या दिवशी काढलेली छायाचित्रे हातात धरावीत आणि दरवाजे कोठे होते, सिंहासन कोठे होते, छपराचा पहिला थर साधारण कोणत्या उंचीवर सुरू होत असावा, हे त्या विटांवर स्वतः मोजून पाहावे.